विस्तवाची राखण

पूर्वी गोदावरीकाठी पोतली नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत होता, त्या काळची ही गोष्ट. नगरापासून दिवसभराच्या वाटेवर, वेळूच्या बनाला लागून वेळुग्राम नावाचे एक गाव होते. बोधिसत्त्वाने त्या जन्मी तिथल्या एका बुरुडाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव पूर्णक. हात कसबी, बोलणे मोजके. पुढे गावाने त्यालाच आपला ग्रामणी, गावाचा मुख्य, नेमले.

वेळुग्रामात घरे वेळूची, कूड वेळूचे, अंगणातल्या सुपा-टोपल्या, करंड्या, डोल्या, सारे वेळूचेच. घराघरात ढलप्यांचे ढीग. एक ठिणगी उडाली तर उभे गाव जळायचे, आणि एकदा तसे जळलेही होते म्हणतात. तेव्हापासून वाडवडिलांनी एक रीत घालून दिली होती. दिवस मावळला की प्रत्येक घराने आपल्या चुलीवर पाणी शिंपडायचे. विस्तव ठेवायचा तो गावात एकाच घरी, भोवती दगड रचलेल्या चुलीत, राखेखाली नीट झाकून. सकाळी गावच्या बायकांनी खापर घेऊन त्या घरी जायचे आणि आपापल्या चुलीपुरता निखारा आणायचा. याला विस्तवाची राखण म्हणत. अमावास्येला ती एका घरून दुसऱ्या घरी जाई.

ज्या घरी राखण, त्या घरी महिनाभर सारा गाव. कुणाची गाय व्याली, कुणाच्या मुलीला मागणी आली, कुणाचे कुणाशी बिनसले, हे सगळे त्या चुलीपाशी कळायचे. आणि जे घर राखण करी, त्यालाच गावाच्या बैठकीत बोलता येई, त्यालाच वेळूबनात वाटा असे.

या राखणीतून एक घर मात्र सुटलेले होते. ते धनिष्ठेचे.

धनिष्ठेची एकुलती मुलगी मघा लहानपणी तापाने फणफणली. ताप उतरला, पण जाताना कमरेखालचे बळ घेऊन गेला. त्याच वर्षी धनिष्ठेचा नवराही गेला. पूर्णक तेव्हा नुकताच ग्रामणी झाला होता. तो बैठकीत म्हणाला, "या माउलीच्या मागे आधीच काय कमी आहे? हिला राखणीतून मोकळी करा. हिच्या हयातीत बनातला वाटा आणि बैठकीतला शब्द हिचाच राहू द्या." साऱ्यांनी माना डोलावल्या. धनिष्ठेने पदर पसरून गावाला नमस्कार केला. देणाऱ्यांना बरे वाटले, घेणारीलाही बरे वाटले.

पण सूट मिळाली आणि वाट मोडली. विस्तव आणायला धनिष्ठाच इतरांच्या दारी जायची. तिच्या दारी यायला कुणाला कारणच उरले नाही. सणासुदीला कुणी पानाखाली झाकून काही आणायचे, उंबऱ्यातूनच विचारायचे, "पोर बरी आहे ना गं?" आणि जायचे. पोर आत बसून ऐकायची. विचारपूस तिची होई, पण तिच्याशी कुणी बोलत नसे.

वर्षे गेली. धनिष्ठेने घर हळूहळू मुलीच्या बेताने खाली आणले. चूल जमिनीलगत आली. शिंकी बसल्या हाताला लागतील इतकी खाली सुटली. पाण्याचा डेरा अर्धा पुरला गेला. धरून सरकायला कुडाच्या कडेने कळकाचा दांडा आडवा बांधला गेला. त्या घरात उभ्या माणसालाच अवघडल्यासारखे होई. मघा हातांवर सरकत रांधायची, सारवायची, रोवळ्या विणायची. बऱ्या विणायची, फार चांगल्या नाही, वाईटही नाही, गावातल्या चारचौघींसारख्या. घराबाहेर मात्र, नदीवर, बनात, जत्रेत, जायचे तर आईची पाठ. मुलगी वाढत होती आणि आईची पाठ वाकत होती.

धनिष्ठा थकली होती. झोपेने जाईल असा तो शीण नव्हता. सकाळी उठतानाच तो तिच्या आधी उठून बसलेला असायचा. अंगाचे तिला फारसे वाटत नसे. वाटे ते एकच, माझ्यामागे हिचे कसे?

कारण जे घर राखण करीत नाही, त्याचे कर्ते माणूस गेले की गाव त्याला निवली चूल म्हणे. बनातला वाटा गावाकडे परत जाई आणि मागे राहिलेल्याला वार लावून देत, आज या घरी जेवायचे, उद्या त्या घरी. धनिष्ठेने लहानपणी एका आंधळ्या म्हाताऱ्याला असे वारावर जेवताना पाहिले होते. गावाने त्याला उपाशी ठेवले नाही, कधी टाकून बोलले नाही. पण आजचा वार आपला हे एखादे घर विसरले, की तो कुणाच्या तरी ओसरीला गप्प बसून राही. मागायचे कुणाकडे, हेच त्याला कळत नसे.

भाद्रपदात धनिष्ठेला खोकला धरला. एके दिवशी मघाला नदीवरून आणताना ती वाटेतच मटकन बसली. उठू म्हटले तर उठवेना.

"मला खाली ठेव, आई. थोडं बस," मघा म्हणाली.

दोघी एका वेळूच्या बेटाखाली बसून राहिल्या. मघाने विचारले, "तू गेलीस की माझे वार लागतील ना?"

"शुभ बोल गं बाई."

"शुभच बोलते आहे. येत्या बैठकीत आपण राखण मागू या."

"तुझ्यासाठी म्हणून मागू होय?"

"माझ्यासाठी म्हटलंस तर पुन्हा दया करतील. घरासाठी माग. घर काही लंगडं नाही आपलं."

धनिष्ठेला हसूही आले आणि रडूही आले. दोन्हींना पुरेल एवढा दम अंगात नव्हता. ती नुसती मान हलवून उठली.

बैठकीला तिने मघाला पाठीवर घेऊनच नेले आणि वडाखाली उतरवून ठेवले. मागणे ऐकून गाव चमकला. मग एकेक जण समजुतीने बोलू लागला. गोमिकआबा गावातले वडील. ते म्हणाले, "धनिष्ठे, अगं सूट दिली आहे ना तुला? कुणी काही बोललं का? नाव सांग त्याचं."

"कुणी काही बोलत नाही, आबा. तेच तर दुखणं आहे."

शेजारची कुरंगी तोंडाची फटकळ. आडपडदा तिला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, "मी सरळ विचारते, राग मानू नका. रातीची ठिणगी उडाली, ढलप्या पेटल्या, तर आम्ही पळू. ही पळणार आहे का?"

धनिष्ठेने मान खाली घातली. पण मघा हसली.

"नाही पळणार, वहिनी. म्हणून तर मी विस्तवाला तुमच्याहून जास्त भिते. विस्तव भिणाऱ्याच्याच हाती बरा. तुम्हाला पळता येतं म्हणून तुम्ही चुलीवर दूध ठेवून गप्पांना जाता."

पहिल्यांदा हसला तो कुरंगीचा नवरा. मग सगळेच हसले. कुरंगी म्हणाली, "तोंड तर चांगलंच चालतं गं तुझं!"

शेवटी पूर्णक म्हणाला, "ही सूट मी दिली होती. त्या दिवशी फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं, घरी जाऊन चार घास जास्त जेवलो. आज दिसतं आहे की मी ओझं उचललं नाही. मी यांच्या दारापुढची वाट उचलली. येत्या अमावास्येला राखण धनिष्ठेच्या घरी. आणि राखणारी मघा."

राखण आली. पहिल्या सकाळी बायका खापरे घेऊन आल्या आणि दारातच अडखळल्या. चूल इतकी खाली, की उभ्याने किंवा ओणव्याने निखारा घेता येईना. शेवटी एक बसली, मग दुसरी बसली. इतर घरी विस्तव घ्यायचा तो उभ्याउभ्याच. इथे बसावे लागले, आणि बाई बसली की बोलणे आलेच. कुरंगीने आपल्या सासऱ्याच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली ती चुलत नणंदेच्या काडीमोडापर्यंत पोचली. मघा निखारे काढून देत होती आणि ऐकत होती. धनिष्ठा कोपऱ्यात टेकून बसली होती. एवढी माणसे घरात पाहायची तिच्या डोळ्यांची सवय मोडली होती. तिला एकदा वाटले, उठून सगळ्यांना पाणी द्यावे. मग दिसले की मघाने तांब्या केव्हाच पुढे सरकवला आहे.

मघाच्या हाताला मात्र माप नव्हते. खापर पुढे आले की ती सगळ्यात रसरशीत निखारा उचलून घाली. कुणी पुरे म्हटले की आणखी एक घाली. धनिष्ठा एकदा म्हणाली, "अगं, राखून दे. सगळं वाटून बसशील."

"एवढ्या आल्यात, आई!" मघा म्हणाली.

जिच्यापाशी कधी कुणी काही मागायला आले नाही, तिला राखून द्यायचे कसे कळावे? ते कळायलाही आधी मागणारे यावे लागतात.

व्हायचे ते झाले. अश्विन लागला तरी पावसाची झड सुटेना. गोवऱ्या दमट, हवा ओली. आदल्या दिवशी कुणाकडे पाहुणे, कुणाकडे बारसे. मघाने खापरे भरभरून निखारे दिले आणि मागे ठेवले ते वेळूच्या बुडख्यांचे. वेळूचा निखारा भडकतो मोठा, टिकत नाही. पहाटे तिने राख सारली तर खाली राखच. तिने हात खोल घातला. गार.

फटफटायच्या आधीच कुरंगी आली. चुलीपुढे बसलेल्या मायलेकींकडे पाहून तिने काय ते ओळखले. तिने दार ओढून घेतले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कुणाला सांगू नका. मामंजींचे गुडघे शेकायला मी मडक्यात चोरून विस्तव ठेवते. पाप लागलं तर मला लागेल. आणते, गुपचूप घाल चुलीत. कोण बघतंय?"

धनिष्ठेचा जीव भांड्यात पडला. "देव तुझं भलं करो, पोरी. आण लवकर."

"नको, वहिनी," मघा म्हणाली.

"मघे, खुळ्यासारखं करू नकोस. मला आता गावापुढे हात जोडायचं बळ नाही."

"आई, तो निखारा घातला तर राखण वहिनींची झाली. माझी नाही." आणि कुरंगीकडे वळून म्हणाली, "ते मडकं मात्र आजच विझवा. ढलप्या आहेत घरात."

कुरंगीने ओढून घेतलेले दार पुन्हा उघडले.

हळूहळू बायका जमल्या. आता रीत अशी होती की विस्तव विझला की विझवणाऱ्याला गावाने पोटभर बोलून घ्यायचे. मग त्याने नदीपलीकडच्या तापसांच्या आश्रमातून, त्यांच्या अग्निकुंडातला नवा विस्तव आणायचा, गावाला लाह्या-गूळ वाटायचा, आणि पुढचा विस्तव दुसऱ्या कुणाच्या हातून विझेपर्यंत 'विझवे' हे नाव मिरवायचे. गेल्या पावसाळ्यापासून ते नाव गोमिकआबांना होते. त्यांच्या घरी विझला तेव्हा सुनांपासून गुराख्यांपर्यंत सगळ्यांनी त्यांना असे झोडपले होते, की आबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

आज कुणी रागावले नाही. बायकांनी थंड चूल पाहिली, एकमेकींकडे पाहिले, खापरे पदराखाली घेतली. "असू दे गं." "होतं असं." "तू काय करणार बिचारी?" अंगणात पुरुष म्हणत होते, "जाऊन आणू आम्ही. तिला कळू नका देऊ फार." मघाने इतका वेळ आवरून धरलेले रडे आता फुटले. तिला रडताना पाहून सगळ्या आणखीच मऊ झाल्या, आणि त्या जितक्या मऊ झाल्या तितकी ती जास्त रडली.

धनिष्ठा कुडाला टेकून उभी होती. संपले, तिने मनात म्हटले. पुन्हा सूट मिळणार. ती आता कायमची.

तेवढ्यात इरले झटकत पूर्णक आत आला. आला तो चुलीपुढे खाली बसला.

"विस्तव कुणाच्या चुलीत विझला?"

"माझ्या," मघा म्हणाली.

"मग डोळ्यांतून पाणी काय काढतेस? त्याने चूल पेटणार आहे? अगं, एवढी शहाणी बैठकीत बोलून गेलीस आणि बुडखे झाकून झोपलीस? वेळूचा निखारा टिकत नाही हे बुरुडाच्या पोरीला सांगायला लागतं? पोरं उपाशी आहेत गावातली. गोमिकआबा म्हातारे, त्यांचं लक्ष चुकलं तर एक वेळ समजतं. तुला काय झालं होतं?"

धनिष्ठेच्या अंगात कुठून बळ आले कोण जाणे. ती पुढे झाली. "पूर्णकदादा! तुमच्या जिभेला काही हाड? पांगळ्या लेकराला..."

आणि ती मध्येच थांबली. तिने मघाकडे पाहिले होते. मघाचे रडणे थांबले होते. मान वर झाली होती. लग्नकार्यात नाव घेऊन पानावर बोलावल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता.

"चुकलं माझं, दादा," मघा म्हणाली. "हात सैल पडला. पुन्हा असं होणार नाही."

"होईल. सगळ्यांचं होतं. आता ऊठ, विस्तव आणायला जायचं आहे."

"अहो, ती कशी जाईल?" गोमिकआबा दारातून म्हणाले. "तीन कोसांची वाट, त्यात नदी."

"आबा, रीत काय सांगते? ज्याच्या हातून विझला त्याच्या हाताने यावा. रीत हाताचं बोलते. पायांचं काही बोलत नाही. हात हिचे आहेत. पाय कुणाचेही चालतील." मग तो अंगणातल्या माणसांकडे वळला. "डोली आणा एखादी."

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. पोतलीच्या व्यापाऱ्यांच्या बायका ज्या डोल्यांतून मिरवतात त्या वेळुग्रामात विणल्या जात. पिढ्यान्‌पिढ्या विणल्या जात होत्या. आणि या एवढ्या वर्षांत मघासाठी एक विणावी असे त्या गावात कुणाच्याही मनात आले नव्हते. धनिष्ठेच्यासुद्धा. ती आपली पाठ देत राहिली होती.

गावात त्या दिवशी तयार डोली एकच होती, पूर्णकाच्या पडवीत. नगरातल्या एका श्रेष्ठीच्या सुनेसाठी त्याने ती उन्हाळ्यापासून विणली होती. तिच्या मोबदल्यावर त्याच्या घरचे वर्षाचे धान्य अवलंबून होते. दुसऱ्या कुणी बसलेली, चिखल लागलेली, विस्तवाची काजळी बसलेली डोली श्रेष्ठी दारातही उभी करणार नव्हता. हे पूर्णकाला माहीत होते, त्याच्या बायकोला माहीत होते, साऱ्या गावाला माहीत होते. पूर्णकाने बायकोकडे पाहिले. तिने सुस्कारा सोडला आणि स्वतःच जाऊन डोलीवरचे तट्टे काढले.

"बसताना नक्षी नको गं ओरबाडूस," ती मघाला म्हणाली. "नाही, आता ओरबाड म्हणा. तुझीच आहे."

चौघांनी दांडा खांद्यावर घेतला, एक खांदा पूर्णकाचा. विस्तवावर इरले धरायला एक माणूस हवे. कुरंगीच पुढे झाली. "तिच्यासाठी नाही हो जात मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "विस्तव भिजला तर मलाच दुसऱ्यांदा उपाशी राहायला लागेल."

धनिष्ठा दारात उभी राहिली. मघा तिच्या पाठीवर नसताना या उंबऱ्याबाहेर कधी गेली नव्हती. डोली वळणावर गेली, मग दिसेनाशी झाली. धनिष्ठेला आपले हात लोंबताहेत असे वाटले. त्यांचे काय करावे ते तिला कळेना. ती आत आली, थंड चुलीशेजारी जरा टेकली, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. दिवसाउजेडी, दार उघडे टाकून, लेक घरात नसताना. अशी झोप तिला मुलीच्या त्या तापानंतर लागली नव्हती.

जाग आली ती आरड्याओरड्याने. तिला वाटले घर पेटले. डोळे उघडले तर घरभर बायका, आणि चुलीपुढे मघा, केस भिजलेले, तोंडाला काजळी. मध्ये विस्तव रसरसत होता.

"ए विझवे! अगं, बेताने घाल. परत वाटून बसशील सगळं!"

"हिला कुणीतरी मोजायला शिकवा रे."

"दुपार झाली, बये, तुझ्यापायी. माझ्या घरात रडारड चालली आहे."

"सुटलो बाई एकदाचा!" गोमिकआबा अंगणातून दोन्ही हात वर करून सांगत होते. "मघे, सांभाळ हो ते नाव. फार जड आहे. मला कुणी नीट जेवू दिलं नाही एक वर्षभर."

"राखण तुमच्या घरी आली की येऊन विझवेन, आबा, म्हणजे नाव परत तुम्हाला!" मघा ओरडली, आणि घर हसण्याने भरून गेले.

कुरंगी धनिष्ठेशेजारी येऊन धपकन बसली. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात माखले होते. "काकू, काय पोर आहे तुमची! नदीत डोली हेलकावली तर आम्ही सगळे किंचाळलो, आणि ही मडकं छातीशी धरून म्हणते, मला भिजू द्या, इरलं विस्तवावर धरा. त्या तापसांनी विचारलं, तुम्ही हिला कशाला एवढं आणलंत? तर मीच म्हटलं, आम्ही कुठे आणलंय, तिनं आम्हाला आणलंय. तिचा विस्तव आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ते मडकं विझवलं हं मी."

धनिष्ठेच्या हातात कुणीतरी लाह्या-गूळ ठेवला. मुलीच्या चुकीचा लाह्या-गूळ तिने कपाळाला लावला आणि खाल्ला. गोड लागला.

पूर्णकाच्या घरी त्या वर्षी धान्याची ओढ झाली. तो आणि त्याची बायको एका वेळच्या जेवणावर राहिले आणि त्याबद्दल कुणाकडे बोलले नाहीत. पण पुढच्या बैठकीत त्याने गावाला विचारले, "आपण दया करून आणखी कुणाकुणाला घरी बसवलं आहे?" आणि मग एकेक नाव निघू लागले. एक अडखळत बोलणारा माणूस निघाला, ज्याला कधी कुणी निरोप घेऊन धाडले नव्हते. एक बहिरी बाई निघाली, जिला लग्नात बोलवत, पण दळणाला बोलवत नसत. कामे वाटली गेली. काही बिघडली, तेव्हा बोलणी बसली. काही नीट झाली, तेव्हा कुणी नवल केले नाही. गावाच्या वाटेवर चढणीला कळकाचा कठडा आला आणि चार-दोन घरांच्या चुली खाली आल्या. बसून बोलायला बरे पडते म्हणून.

धनिष्ठा त्यानंतर काही वर्षे जगली. गेली तेव्हा घरात राखण होती. गाव दिवस घालायला आला तो त्याच चुलीवर रांधून जेवला. मघाचे वार कुणी लावले नाहीत. मघाच पुढे बैठकीत बसू लागली, आणि विस्तव राखायला नव्या सुना तिच्याकडून शिकू लागल्या.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे एक भिक्षू होता, त्याचा उजवा हात लुळा होता. अंगण झाडायची त्याची पाळी आली की दुसरा एक भिक्षू मायेने त्याच्या हातचा झाडू काढून घेई आणि म्हणे, "आयुष्मन्, तुम्ही बसा." बसून बसून तो थकला आणि एके दिवशी पात्र-चीवर घेऊन विहार सोडून निघाला. तेव्हा शास्त्यांनी त्याला थांबवून, साऱ्या संघाला बोलावून, हे पूर्वजन्मीचे सांगितले आणि जुळवणी करून दिली. "भिक्षूंनो, त्या वेळची मघा म्हणजे आज निघून चाललेला हा भिक्षू. मायेने निखारा चोरून द्यायला आलेली कुरंगी म्हणजे त्याच्या हातचा झाडू घेणारा हा त्याचा मित्र. गोमिकआबा म्हणजे तुमच्यातले हे वृद्ध स्थविर. थकलेली धनिष्ठा म्हणजे रोज या दारी भिक्षा घेऊन येणारी ती म्हातारी उपासिका. आणि ग्रामणी पूर्णक तो मीच होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्या भिक्षूने डाव्या हाताने झाडू धरला. कुणी काढून घेतला नाही. त्याचे झाडून झाल्यावर वृद्ध स्थविर बाहेर आले, इकडेतिकडे पाहिले आणि करड्या आवाजात म्हणाले, "आयुष्मन्, पिंपळाखालची पानं कोण काढणार?"

तो भिक्षू हसत परत वळला.

यात सांगितली ती मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता. दया उभ्याउभ्याही करता येते. मैत्रीला शेजारी बसावे लागते.